घरासाठी स्मोक अलार्म निवडताना: कोथरूडच्या एका दोन बेडरूमच्या फ्लॅटविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधील सुमारे तीस वर्षे जुन्या, चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आपला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. एका बेडरूममध्ये आपण उभयता, दुसरीत आपले आई-वडील आणि हॉलमधील दिवाणावर मुलगा, अशी रात्रीची व्यवस्था आहे. आईंना कमी ऐकू येते. स्वयंपाकघर हॉलला उघडे आहे, शेगडी आणि स्नानगृहातील गीझर दोन्ही पाइप गॅसवर चालतात. शेजारच्या सोसायटीत जिन्याखालच्या मीटरबोर्डाला आग लागल्यानंतर आपण विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून दोन स्मोक डिटेक्टर आणले. पण त्यांत बॅटरीला जागाच नाही आणि उदबत्तीचा धूर दाखवूनही ते वाजले नाहीत. ते खराब आहेत का, त्यांऐवजी काय, किती आणि कोठे लावावे, फोडणीच्या धुराने ते रोज वाजत राहतील का, आणि मोबाइलवर संदेश पाठवणारे वाय-फायचे घ्यावेत का, असे आपण विचारले आहे. पुण्यात आगसूचना यंत्रणा बसवण्याचे आणि त्यांच्या देखभालीचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

आपण आणलेली उपकरणे बहुधा उत्तम स्थितीत आहेत, फक्त ती घरासाठी बनलेली नाहीत. कार्यालये, रुग्णालये आणि उंच इमारतींमध्ये छताला जे पांढरे गोल डिटेक्टर दिसतात, ते दोन तारांवर, साधारणपणे २४ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतात आणि त्या तारा एका पॅनेलकडे जातात. धूर आत शिरला की डिटेक्टर अधिक विद्युतप्रवाह ओढतो, पॅनेल तो बदल ओळखते आणि हूटर वाजवते. आवाज करण्याची सोय डिटेक्टरमध्ये नसतेच. पॅनेल नसेल तर तो धूर ओळखूनही मुका राहतो. कोणी वायरमन ‘लाइट देऊन बघू’ म्हणाला तर त्याला थांबवा, कारण २३० व्होल्टचा पुरवठा दिल्यास तो डिटेक्टर तत्क्षणी निकामी होईल. घराला हवा असतो तो स्वतःची बॅटरी आणि स्वतःचा भोंगा असलेला, एकट्याने पूर्ण काम करणारा स्मोक अलार्म. आपल्याकडील बहुतेक दुकानदारांचा व्यवसाय ठेकेदारांशी असतो, त्यामुळे मागणी तशी मोघम केली की काउंटरवर पॅनेलचा डिटेक्टरच येतो.

हा फरक खोक्यावरील मानकावरून निश्चित ओळखता येतो. ईएन ५४ हे युरोपीय मानक छापलेले असेल, तर वस्तू पॅनेलच्या यंत्रणेसाठी आहे. ईएन १४६०४ किंवा अमेरिकेचे यूएल २१७ छापलेले असेल, तर ती घरगुती अलार्मची आहे. भारतीय मानक आयएस २१८९ हे आगसूचना यंत्रणा निवडण्याची, बसवण्याची आणि सांभाळण्याची संहिता आहे. दुकानदाराने एखाद्या वस्तूकडे बोट दाखवून ‘हिला २१८९ आहे’ असे सांगितले तर त्यावरून त्या वस्तूची गुणवत्ता सिद्ध होत नाही. युरोपीय मानकाच्या खऱ्या अलार्मवर सीई या, युरोपीय नियमांशी जुळत असल्याच्या, खुणेशेजारी प्रमाणन संस्थेचा चार अंकी क्रमांक असतो आणि अंगावर उत्पादनाची किंवा बदलण्याची तारीख कोरलेली असते. नुसती सीईची खूण, ना क्रमांक ना तारीख, असा माल ऑनलाइन बाजारात पुष्कळ आहे. तो मी घेत नाही आणि कोणाला घेऊ देत नाही.

आता आतील तंत्राकडे वळू, कारण फोडणीच्या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे. घरगुती अलार्म मुख्यतः दोन प्रकारचे असतात. फोटोइलेक्ट्रिक, ज्याला ऑप्टिकलही म्हणतात, त्यात एका काळ्या कोठडीत प्रकाशाचा किरण अशा कोनात सोडलेला असतो की तो समोरच्या संवेदकावर थेट पडत नाही; कवडशात धूळ उजळून दिसावी तसा धुराचा कण त्या किरणात आला की प्रकाश विखुरतो, त्यातील काही संवेदकावर पडतो आणि अलार्म वाजतो. दुसरा प्रकार आयोनायझेशनचा. त्यात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी द्रव्याचा अत्यल्प अंश हवेतून सूक्ष्म विद्युतप्रवाह चालू ठेवतो आणि धुराचे बारीक कण आत आले की तो प्रवाह घटतो. भडकलेल्या ज्वाळेतून निघणारे अतिसूक्ष्म कण आयोनायझेशनचा अलार्म लवकर पकडतो. धुमसणाऱ्या आगीचा जाडसर, दाट धूर फोटोइलेक्ट्रिक लवकर पकडतो.

घरात माणसे झोपलेली असताना जी आग जीव घेते, ती पुष्कळदा धुमसणारी असते. गादीवर पडलेली विडी, चार्जिंगला लावून उशीखाली गेलेला मोबाइल, सैल जोडणीने तापलेला प्लग, पडद्याला टेकलेली डासांची कॉइल, अशा ठिकाणी ज्वाला दिसण्यापूर्वी बराच वेळ नुसता धूर होत राहतो. झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईलच असे नाही. त्यातील कार्बन मोनॉक्साइड त्याला आणखी गुंगवतो. म्हणून घरासाठी माझी निवड निःसंदिग्धपणे फोटोइलेक्ट्रिकची आहे. शिवाय आयोनायझेशनचा अलार्म तळणीच्या आणि फोडणीच्या न दिसणाऱ्या सूक्ष्म कणांनाही चटकन वाजतो. त्यातील किरणोत्सारी द्रव्याचे अर्धायुष्य सुमारे ४३२ वर्षांचे आहे. वापरात असताना त्याचा धोका नगण्य असला, तरी दहा वर्षांनी तो टाकायचा कोठे हा प्रश्न उरतोच, कारण अशी उपकरणे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कक्षेत येतात आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात जाऊ नयेत. फोटोइलेक्ट्रिकचीही खोड आहे. वाफ, धूळ आणि किडे यांना तो फसतो, त्यामुळे स्नानगृहाच्या दाराजवळ आयोनायझेशनपेक्षा तोच अधिक त्रास देतो. प्रकाश आणि उष्णता किंवा प्रकाश आणि कार्बन मोनॉक्साइड अशा दोन संवेदकांचा मेळ घालणारे अलार्म मिळतात आणि ते चांगलेही असतात, पण साधा फोटोइलेक्ट्रिक योग्य जागी लावला तर आपले काम भागते.

‘आमच्या लहानपणी वाड्यात चूल होती, कंदील होते, तेव्हा कोठे होते अलार्म?’ असे घरातील वडीलधारे विचारतात. त्याला एक उत्तर आहे. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीजने दोन सारख्या खोल्या, एक जुन्या लाकडी-सुती सामानाची आणि दुसरी आजच्या फोम आणि कृत्रिम धाग्यांच्या सामानाची, अशा पेटवून पाहिल्या. आजच्या सामानाची खोली चार मिनिटांच्या आत सर्वांगाने पेटली. जुन्या सामानाच्या खोलीला त्यासाठी अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला. आपल्या सोफ्यात, गादीत आणि पडद्यांत आता काय भरलेले आहे हे पाहिले, तर पूर्वीची सवड आज मिळणार नाही हे पटते.

आपल्या घरात निवडीचा खरा निकष आईंचे ऐकणे हा आहे. घरगुती अलार्मचा आवाज तीन मीटरवर ८५ डेसिबल असावा अशी मानकाची अपेक्षा असते आणि बहुतेकांचा स्वर ३,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पुष्कळ उंच, असतो. वय वाढताना कान सर्वांत आधी नेमके हेच उंच स्वर गमावतात. गाढ झोपेतील लहान मुलेही या स्वराला बऱ्याचदा जागी होत नाहीत, असे परदेशांतील चाचण्यांमध्ये दिसून आले आहे. ५२० हर्ट्झच्या खालच्या स्वराने वृद्ध आणि मुले अधिक खात्रीने जागी होतात. तसे अलार्म आणि उशीखाली ठेवण्याच्या कंप पावणाऱ्या चकत्या बनतात, मात्र आपल्याकडील दुकानांत त्या सहजी मिळत नाहीत आणि मागवून घ्याव्या लागतात. त्या मिळेपर्यंत आणि मिळाल्यानंतरही, एकमेकांशी जोडलेले अलार्म घेणे हाच आपल्यासाठी मार्ग आहे. एक वाजला की घरातील सर्व वाजतात. हॉलमधील धुराची सूचना आपल्या उशाशी येते आणि आपण उठून आईंना उठवू शकता. सुटे, न जोडलेले अलार्म आपल्या घरी घेऊ नयेत, असे मी स्पष्टच सांगेन. बंद दार, पंख्याचा आवाज आणि कुलर किंवा एसी यांतून हॉलमधला अलार्म आतल्या खोलीत फार क्षीण पोहोचतो. अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या संहितेत उशीजवळ किमान ७५ डेसिबल आवाज पोहोचावा असे म्हटले आहे. मोजमापाचे यंत्र नसले तरी चाचणी सोपी आहे: दारे लावा, पंखे आणि एसी चालू करा, एकाला अलार्मचे बटण दाबायला सांगा आणि आईंना ऐकू येते का ते त्यांनाच, श्रवणयंत्र काढून ठेवल्यावर, विचारा.

जोडणी तारेने करता येते किंवा रेडिओ लहरींनी. तीस वर्षे जुन्या घरात भिंती फोडून किंवा केसिंग-कॅपिंग (भिंतीवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) फिरवून तारा ओढण्यापेक्षा बिनतारी जोडणीचे अलार्म सोयीचे पडतात. सर्व एकाच कंपनीचे आणि एकाच मालिकेचे घ्यावेत, कारण एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. आरसीसीच्या भिंती लहरी अडवतात, म्हणून छताला भोके पाडण्यापूर्वी प्रत्येक अलार्म त्याच्या नियोजित जागी हाताने धरून बाकीचे वाजतात की नाही, हे पाहून घ्यावे.

विजेबाबत दोन पर्याय आहेत. घराचे संपूर्ण वायरिंग नव्याने होत असेल, तर २३० व्होल्टवर चालणारे आणि आत पर्यायी बॅटरी असलेले अलार्म सर्वोत्तम. केवळ विजेवर चालणारा अलार्म कधीही घेऊ नये. गुरुवारी महावितरणची देखभाल चालू असताना तो बंद असेल, हे तर झालेच. पण शॉर्टसर्किटच्या आगीत सर्वांत आधी एमसीबी, म्हणजे वीज आपोआप तोडणारा स्विच, पडतो आणि ज्या क्षणी अलार्म हवा असतो नेमक्या त्याच क्षणी त्याचा पुरवठा जातो. आपल्यासारख्या राहत्या घरात दहा वर्षे टिकणारी, आतच बंद केलेली लिथियम बॅटरी असलेला अलार्म घ्यावा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी बदलता येते हे खरे. पण ती खेळण्यासाठी किंवा रिमोटसाठी काढून नेली जाते आणि परत येत नाही. देखभालीच्या भेटींत मला सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच आहे.

संख्या आणि जागा यांविषयी थोडे तपशिलाने सांगतो. प्रत्येक झोपण्याच्या खोलीत एक, झोपण्याच्या खोल्यांच्या बाहेर एक आणि घर अनेक मजली असल्यास प्रत्येक मजल्यावर किमान एक, ही सर्वमान्य रीत आहे. आपल्या घरी हॉल हीच मुलाची झोपायची खोली आहे आणि बेडरूमची दारेही तिकडेच उघडतात, त्यामुळे दोन बेडरूममध्ये प्रत्येकी एक आणि हॉलमध्ये एक, असे तीन अलार्म पुरेसे आहेत. हॉलमधील अलार्म मुख्य दार आणि बेडरूमची दारे यांच्या मधल्या भागात घ्यावा, म्हणजे जिन्यातून दाराच्या फटीवाटे येणारा धूरही त्याला लवकर मिळेल.

धूर वर जातो आणि छताखाली पसरतो, म्हणून अलार्मची जागा छताला. परंतु आपल्याकडील खोल्यांत छताचा मध्य पंख्याने घेतलेला असतो, आणि परदेशी माहितीपत्रके वाचून अलार्म लावणाऱ्याची गफलत येथेच होते. पंखा धूर पातळ करून खाली ढकलतो. त्याच्या पात्याच्या टोकापासून किमान तीन फूट अंतर राखावे लागते. नेहमीच्या १,२०० मिलिमीटरच्या पंख्याचे पाते मध्यापासून दोन फूट पसरते, म्हणजे पंख्याच्या मध्यापासून अलार्म पाच फुटांपलीकडे हवा. दहा बाय बाराच्या खोलीत मध्यापासून जवळच्या भिंतीपर्यंतचे अंतरच पाच फूट असते. मात्र कोपऱ्याकडे ते पावणेआठ फुटांच्या पुढे जाते. त्यामुळे अलार्म कोपऱ्याच्या दिशेने, शक्यतो दाराच्या बाजूच्या कोपऱ्याकडे सरकवावा, पण भिंत आणि छत जेथे मिळतात त्या कोनात चिकटवू नये. तेथे हवा साचून राहते आणि धूर उशिरा पोहोचतो. भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर सोडावे. छताला जागाच नसेल तर दारावर, भिंतीला, छताखाली एक फुटाच्या आत लावता येतो. एसीच्या झोतापासूनही तीन फूट आणि स्नानगृहाच्या दारापासूनही तीन फूट दूर ठेवावे.

पीओपीचे फॉल्स सीलिंग असेल तर त्यातील उंच भागात अलार्म लावावा, कारण धूर आधी तो खोलगट भाग भरतो. शोभेसाठी खालच्या पट्टीवर लावला तर मधली मिनिटे वाया जातात. आपला मजला तिसरा आहे, त्यामुळे पुढील मुद्दा आपल्याला नसला तरी वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांना उपयोगी पडेल. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या गच्चीच्या स्लॅबखाली गरम हवेचा थर बसतो आणि थंड, धुमसता धूर त्या थराखालीच अडकतो. पत्र्याच्या खोलीत तर हे फार प्रकर्षाने होते. अशा ठिकाणी भिंतीवर, छतापासून थोडा खाली लावलेला अलार्म बरा. शिवाय अमेरिकी मानकाच्या बऱ्याच अलार्मच्या पत्रकात ४ ते ३८ अंश सेल्सिअस अशी तापमानाची मर्यादा लिहिलेली असते. आपल्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर ती ओलांडली जाते, म्हणून खरेदीपूर्वी तेवढे वाचावे. सदाशिव किंवा कसबा पेठेतील लाकडी वाड्यांत कौलांखाली अलार्म लावून उपयोग होत नाही, कारण कौलांच्या फटींतून धूर निघून जातो. तेथे तो तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी फळ्यांच्या छताच्या, खाली, वावराच्या खोलीत असावा.

आता फोडणी. स्वयंपाकघरात स्मोक अलार्म लावूच नये. कोणताही लावला तरी मिरचीच्या फोडणीने, पापड भाजताना किंवा भाकरी करपल्यावर तो वाजेल, आणि आठवडाभर वाजला की घरातील कोणीतरी स्टुलावर चढून तो उतरवील. तेथे उष्णता ओळखणारा हीट अलार्म लावावा. तो सुमारे ५७-५८ अंशांना वाजतो, धुराशी त्याला देणेघेणे नसते, आणि तोही बाकीच्यांशी जोडता येतो. झोपण्याच्या खोलीत मात्र हीट अलार्म ठेवू नये, कारण तेथे तो वाजेपर्यंत फार उशीर झालेला असेल. आपले स्वयंपाकघर उघडे असल्याने हॉलमधील स्मोक अलार्म शेगडीपासून किमान दहा फूट दूर घ्यावा. देवघराच्या डोक्यावरही नको. उदबत्तीची एक काडी सहसा त्याला वाजवत नाही, पण धूप, आणि गणपतीतील आरतीचा काजळी सोडणारा कापूर हमखास वाजवतो. प्रत्येक अलार्मला काही मिनिटांपुरते गप्प करणारे बटण आहे याची खात्री करून घ्यावी. दिवाळीत फटाक्यांचा धूर खिडकीतून आत येतो, तेव्हा याच बटणामुळे अलार्म जागेवर राहतो, उतरवला जात नाही.

स्मोक अलार्म गॅसची गळती ओळखत नाही. त्यासाठी वेगळा गॅस डिटेक्टर लागतो आणि त्याची उंची गॅसवर अवलंबून असते. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीपासून साधारण एक फुटावर लावतात. आपल्याकडे महाराष्ट्र नॅचरल गॅसच्या पाइपातून येणारा गॅस मुख्यतः मिथेन आहे. तो हलका असतो आणि वर चढतो, म्हणून आपला डिटेक्टर छताखाली हवा आणि तो मिथेनसाठी असल्याचे त्यावर लिहिलेले हवे. सिलिंडरवरून पाइप गॅसवर गेलेल्या घरांत जुना डिटेक्टर ओट्याखाली तसाच राहिलेला मी अनेकदा पाहिला आहे.

आपण गीझरचा उल्लेख ओझरता केला आहे, मला तो सर्वांत गंभीर वाटतो. स्नानगृहाच्या आत असलेला गॅस गीझर बंद खोलीतील प्राणवायू वापरतो आणि ज्वलन अपुरे होऊ लागले की कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. स्मोक अलार्मला तो कळत नाही आणि गळतीच्या डिटेक्टरलाही कळत नाही. दार लावून अंघोळ करणारा माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. यावर अलार्म हा उपाय नाही. गीझर स्नानगृहाबाहेर, हवेशीर बाल्कनीत हलवावा किंवा विजेचा घ्यावा. बाहेर हलवल्यानंतरही घरात गॅस जळतोच, त्यामुळे ईएन ५०२९१ मानकाचा एक कार्बन मोनॉक्साइड अलार्म जरूर ठेवावा. हा वायू हवेत सर्वत्र मिसळतो, म्हणून त्याच्या उंचीची फार चिंता नको. मानकाप्रमाणे तो दशलक्षात ३०० भाग इतक्या प्रमाणाला तीन मिनिटांच्या आत वाजतो, तर ५० भागांना तासाभरानंतर वाजतो. आवाजाच्या ठेक्यातही भेद आहे: अमेरिकी पद्धतीच्या उपकरणांत धुरासाठी तीन-तीन भोंगे, कार्बन मोनॉक्साइडसाठी चार-चार. घरातील सर्वांना, मुलालासुद्धा, दोन्ही ऐकवून ठेवा.

वाय-फायविषयी माझे मत काहीसे जुन्या वळणाचे आहे. आपण हिंजवडीला कामावर असताना आणि घरी फक्त आई-वडील असताना मोबाइलवर आलेली सूचना मोलाची ठरेल, यात वाद नाही. पण रात्री मोबाइल सायलेंटवर असतो आणि वीज गेली की राउटर बंद पडतो. बाजारातील बऱ्याच स्वस्त वाय-फाय अलार्मची अडचण अशी की ते प्रत्येकी मोबाइलला कळवतात, पण एकमेकांना वाजवत नाहीत. आपल्याला उलट हवे आहे. म्हणून घेताना एकच प्रश्न विचारावा: राउटर बंद असताना हॉलमधला वाजला तर बेडरूममधला वाजेल का? उत्तर होकारार्थी असेल तर मोबाइलची सोय आनंदाने घ्यावी.

आपले दोन डिटेक्टर दुकानदार परत घेत नसेल तर ते सोसायटीला देऊन टाका, हे मी गमतीने म्हणत नाही. शेजारी जी आग लागली ती मीटरबोर्डाची होती, आणि तशी आग आपल्याकडे लागल्यास जिना हीच धुराची चिमणी बनेल. मीटरच्या जागी आणि जिन्याच्या माथ्यावर हे दोन डिटेक्टर, तळमजल्यावर एक लहान पॅनेल आणि प्रत्येक मजल्यावर एक हूटर, एवढी यंत्रणा अशा इमारतीला पुरते. दुचाकींच्या पार्किंगमध्ये विजेच्या स्कूटर चार्ज होत असतील तर तेथेही एक डिटेक्टर वाढवावा. काम महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली परवाना असलेल्या संस्थेकडूनच करून घ्यावे. ज्या इमारतींना या कायद्यान्वये यंत्रणा लागू आहे त्यांना ती चालू असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. वाकड-खराडीकडील उंच इमारतींत हे पॅनेल आधीपासून असते, पण खोट्या सूचनांना कंटाळून पहारेकऱ्याने त्याचा हूटर बंद करून ठेवलेला असतो. तेथे राहणाऱ्यांनीही स्वतःच्या घरात स्वतंत्र अलार्म लावावेत.

देखभाल फार नाही. महिन्यातून एकदा बटण दाबावे. दर सहा महिन्यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मऊ ब्रशने जाळी साफ करावी. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणारे बारीक किडे आत शिरतात, म्हणून जूनअखेरीस एकदा अधिक. उदबत्तीने चाचणी घेऊ नये, तिचा चिकट थर आतील कोठडीत बसतो. खात्री करायचीच असेल तर चाचणीचा स्प्रे मिळतो. रंगकामाच्या वेळी प्लास्टिकने झाकावे आणि रंगारी गेल्यावर ते प्लास्टिक काढल्याचे स्वतः पाहावे. हिवाळ्यात पहाटे मिनिटाला एकदा ‘टिक’ असा आवाज येऊ लागला तर बॅटरी संपत आली आहे. थंडीत तिचा विद्युतदाब उतरतो म्हणून ती नेमकी त्याच वेळी तक्रार करते. उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षांनी अलार्म चालू असला तरी बदलावा. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचे आयुष्य बहुधा त्याहून कमी असते, ते त्याच्या अंगावर लिहिलेले असते.

सर्व खर्च एकदम झेपणार नसेल तर आधी गीझर हलवा, मग हॉल आणि आई-वडिलांची खोली यांतील दोन जोडलेले अलार्म घ्या. आपल्या बेडरूममधील आणि स्वयंपाकघरातील पुढच्या महिन्यात. आपल्या बेडरूममधला येईपर्यंत रात्री आपले दार उघडे ठेवा, कारण तोवर आईंना उठवणे तुमच्या जाग येण्यावर अवलंबून आहे.

शेवटी, अलार्म वाजल्यावर काय करायचे ते आजच ठरवून ठेवा. आधी मुख्य दाराला हाताची मागची बाजू लावून पाहा. दार गरम असेल किंवा फटीतून धूर येत असेल तर जिन्यात उतरू नका, दार बंदच ठेवून फटीत ओला टॉवेल कोंबा, १०१ वर अग्निशमन दलाला मजला आणि खूण सांगा आणि रस्त्याकडच्या बाल्कनीत थांबा. आपल्या बाल्कनीला आणि खिडक्यांना पुण्यातील बहुतेक जुन्या फ्लॅटप्रमाणे पक्क्या लोखंडी जाळ्या असतील. त्यांतील किमान एका जाळीला, शिडी लागू शकेल अशा बाजूला, उघडणारी चौकट करून घ्या आणि तिच्या कुलपाची किल्ली जाळीशेजारीच, मुलाच्याही हाताला येईल अशा उंचीवर टांगून ठेवा.